लायटिंगच्या इनपुटने ईपीआय बुडाला – वर्धा रोडच्या ऑफिस बिल्डिंगचं ईसीबीसी, मदत करा

उन्हाळी
नमस्कार मंडळी. इतके महिने इथे नुसती वाचत होते, आज लिहायची वेळ आली कारण डोकं पार बंद पडलंय. नागपूरला वर्धा रोडवर एक ऑफिस बिल्डिंग आहे, ग्राउंड प्लस चार, खाली बेसमेंट पार्किंग, ते सोडून ३६०० चौ.मी. क्लायंटला ग्रीन रेटिंग हवंय आणि त्यासाठी ईसीबीसी २०१७ चं (इमारतींच्या वीजबचतीचा कोड) कॅल्क्युलेशन होल बिल्डिंग परफॉर्मन्स पद्धतीने, म्हणजे सगळ्या बिल्डिंगची वीज मॉडेलवर काढून, द्यायचंय. एसी चांगला घेतलाय, काच चांगली आहे, छताला इन्सुलेशन आहे, म्हणजे डोळे मिटून पास व्हायला पाहिजे होतं. तर स्टँडर्ड मॉडेलचा (हीच बिल्डिंग, पण कोडच्या मर्यादेप्रमाणे) ईपीआय, म्हणजे चौ.मी.मागे वर्षाची युनिट, आला १२८ आणि आमच्या प्रपोज्डचा (आमचं खरं डिझाइन) १७८! रेशो १.३९. पास व्हायला १ किंवा त्याखाली लागतो.

एंड-यूज, म्हणजे कशाला किती वीज ते, उघडून बघितलं तर एकट्या लायटिंगचे वर्षाला २,५०,८४८ युनिट, आणि कूलिंग त्याच्याहून कमी. मी लायटिंगला काय केलं ते सांगते. लायटिंगवाल्याच्या शीटमधल्या सगळ्या फिटिंगची बेरीज २४.१ किलोवॅट, भागिले ३६००, म्हणजे ६.७ वॅट/चौ.मी., हीच लायटिंग पॉवर डेन्सिटी, एलपीडी. ऑफिससाठी कोडची मर्यादा ९.५, म्हणजे आपण बरेच खाली आहोत. तेच ६.७ डिझाइनबिल्डर या मॉडेलिंग सॉफ्टवेअरमध्ये टाकलं. शेड्यूल (दिवे कधी किती चालू ते) दोन्ही मॉडेलला एकच. साहेब म्हणतात काच बदल, मला वाटतं काचेचा काही संबंध नाही. शुक्रवारी सबमिशन आहे आणि घरी आई विचारतेय जेवायला येणार की नाही.

पेठेतला_पाहुणा
क्लायमेट झोन कोणता घेतलात? नागपूर म्हणजे हॉट-ड्राय ना? तिथेच घोळ असेल.

वाळ्याचा_पडदा
नाही हो पाहुणे, कोडच्या यादीत नागपूर कंपोझिटमध्ये, म्हणजे मिश्र हवामानात आहे. तुम्ही मे महिन्यात येता, लग्न उरकता आणि परत जाता म्हणून कोरडं वाटतं, जुलै-ऑगस्टमध्ये कूलरसमोर बसून बघा चिकचिक काय असते ते.

उन्हाळी, नागपुरात लाइट एसीपेक्षा जास्त वीज खातात असं मॉडेल म्हणायला लागलं की मॉडेल बंद करावं आणि तर्री-पोहे खायला जावं. काच राहू दे. मला एकच सांग, लायटिंग शेड्यूलचे वर्षाचे फुल-लोड तास किती येतात? म्हणजे तासातासाचं फ्रॅक्शन बेरीज करून, रविवार-सुट्ट्या धरून.

उन्हाळी
२६०० तास. आत्ताच एक्सेलमध्ये परत काढले.

वाळ्याचा_पडदा
मग बघ. २,५०,८४८ भागिले २६०० म्हणजे साधारण ९६.५ किलोवॅट. तुझी शीट म्हणते २४.१. बरोब्बर चौपट. चुकून झालेली चूक कधी बरोब्बर चौपट नसते, कुठेतरी कोणीतरी चारने गुणतंय. आता ॲक्टिव्हिटी टॅबमध्ये जा आणि टार्गेट इल्युमिनन्स, म्हणजे किती उजेड हवा तो आकडा, किती आहे ते वाच.

उन्हाळी
४०० लक्स. टेम्प्लेटमधूनच आलाय, मी हात नाही लावला.

उन्हाळी
थांबा थांबा थांबा. म्हणजे ते ६.७ हे १०० लक्समागे धरलंय???

वाळ्याचा_पडदा
हो. डिझाइनबिल्डरमध्ये लायटिंगची पॉवर दोन तऱ्हेने देता येते. एक सरळ वॅट/चौ.मी., दुसरी नॉर्मलाइज्ड, म्हणजे दर १०० लक्सला किती वॅट/चौ.मी. ते. दुसरी निवडलेली असली की तो तुझा आकडा घेतो, टार्गेट लक्सने गुणतो आणि १०० ने भागतो. ६.७ गुणिले ४ म्हणजे २६.८ वॅट/चौ.मी. तुझ्या ऑफिसात मॉडेलने क्रिकेटच्या ग्राउंडएवढे दिवे लावलेत आणि तू काच बदलायला निघालीस.

स्टँडर्डला ९.५ सरळ वॅट/चौ.मी. मध्ये दिलं असशील, म्हणून तो बरोबर आला. दोन फाइल वेगवेगळ्या बनवल्या ना? माझा अनुभव, आधी एक फाइल पूर्ण करावी, युनिट-बिनिट सगळं तपासावं आणि तिचीच कॉपी करून दुसरी करावी. दोन्ही शून्यापासून बनवल्या की असा एखादा ड्रॉपडाउन हमखास वेगळा राहतो.

धंतोलीकर
माझं पाप मीही कबूल करतो म्हणजे उन्हाळीला बरं वाटेल. ईक्वेस्ट या दुसऱ्या मॉडेलिंग सॉफ्टवेअरवर पहिलं काम होतं, त्याला वॅट पर स्क्वेअर फूट पाहिजे आणि मी ९.५ तसंच ठोकलं. एक चौ.मी. म्हणजे १०.७६ चौ.फूट, म्हणजे ०.८८ टाकायला पाहिजे होतं. ऑफिसात चौ.मी.ला १०२ वॅट! चिलर इतका मोठा आला की मेकॅनिकलवाल्याने फोन करून विचारलं, दादा आत भट्टी लावताय का. तेव्हापासून रिझल्ट आला की आधी लायटिंगचे युनिट भागिले तास भागिले एरिया करतो, दोन मिनिटं लागतात.

उन्हाळी
सरळ वॅट/चौ.मी. केलं. ईपीआय १७८ वरून ११२ वर आला, रेशो ०.८८!! लायटिंग चौ.मी.ला ७० युनिट होतं ते १७.४ झालं आणि कूलिंगही १४ ने उतरलं. साहेबांना सांगितलं, ते म्हणाले मी म्हटलंच होतं काहीतरी छोटं असेल. 🙄 सगळ्यांचे खूप खूप आभार, धागा बंद करायला हरकत नाही.

चोककाका
अवं बाई, धागा बंद कायले करतं. आता तं खरा धागा सुरू झाला. मी चाळीस वर्ष साईटवर काढले, काँप्युटरचं मले काही समजत नाही, पण थे २४.१ कुठून आणलं थे सांग आधी. लायटिंगवाल्याची शीट म्हणजे काही गीता नाही. फिटिंगचं नाव आणि वॅट इथी टाक.

(आन हे पाय, ७२ किलोवॅट नसलेले लाइट तू आत लावले होते. थे सगळी गरमीच असते. साडेतीन किलोवॅटले एक टन धर, वीस टनाच्या वर एसी फुकट बसला असता त्या मॉडेलवरून कोणी साइज काढला असता तं.)

उन्हाळी
काका, शीटमधलं असं आहे: २ बाय २ पॅनल ३६ वॅटचे ३८०, गोल डाउनलाइट १५ वॅटचे ४२०, छोटे १० वॅटचे २०० कॉरिडॉर-टॉयलेटला, आणि २० वॅटच्या बॅटन १०७, जिना, स्टोअर, इलेक्ट्रिकल रूम वगैरे. बेरीज २४,१२०.

चोककाका
बेरीज बरोबर आहे. आता १५ वॅट म्हणजे कोणते १५? एलईडीच्या चिपचे का आख्ख्या फिटिंगचे? एलईडीले वीज पुरवणारा ड्रायव्हर काही उपाशी नाही राहत. आमच्या जमान्यात ट्यूब ४० ची असे आन तांब्याचा चोक वरून दहा-बारा वॅट खाई, बिल मात्र सगळ्याचं येई. एलईडीत कमी झालं पण गेलं नाही.

तुह्याकडे क्लॅम्प मीटर असन तं एक डाउनलाइट टेबलावर लाव. एक वायर क्लॅम्पमध्ये सरळ टाकली तं काहीच दिसणार नाही, करंट लहान असते. फेज वायरचे दहा वेढे दे जबड्यातून आन जे वाचन येईल त्याले दहानं भाग. आमचा पोट्टा हे पाहून म्हणे काका हे कोणत्या कॉलेजात शिकले.

वाळ्याचा_पडदा
काकांना हजार मोदक. कोडमध्येही तेच आहे, इन्स्टॉल्ड लायटिंग पॉवर म्हणजे दिवा, बॅलास्ट किंवा ड्रायव्हर, करंट रेग्युलेटर, कंट्रोल डिव्हाइस, सगळ्यांनी मिळून घेतलेले वॅट. आकडा कॅटलॉगचा किंवा स्वतंत्र लॅबच्या टेस्ट रिपोर्टचा लागतो. नुसतं "१५ वॅट" म्हणजे मार्केटिंगचं नाव असतं कधीकधी.

उन्हाळी
केलं! आमच्या ऑफिसातल्या इलेक्ट्रिशियन दादांनी सॅम्पल डाउनलाइट जोडून दिला, दहा वेढे दिले, वाचन ०.८० आलं, म्हणजे ०.०८ अँपिअर. गुणिले २३० व्होल्ट म्हणजे १८.४ वॅट! १५ चे १८.४?? व्हेंडरला आत्ताच फोन लावते.

चोककाका
थांब माय, भांडू नको. थे १८.४ व्हीए झाले, वॅट नाई. वॅटसाठी पॉवर फॅक्टरनं गुणाले लागते. फिटिंगच्या मागच्या स्टिकरवर लिहून असन.

उन्हाळी
०.९२ लिहिलंय. म्हणजे १६.९. फोन लावलाच होता 🤦 पण त्यामुळे टेस्ट रिपोर्ट मिळाला, त्यात सिस्टिम वॅटेज १७ लिहिलंय! आणि १० वॅटवाल्याचं ११.५. पॅनलचं ३६ मात्र ड्रायव्हरसकट आहे, बॅटनचं २० पण सकट. म्हणजे डाउनलाइटचे ८४० आणि छोट्यांचे ३०० वाढले, एकूण १,१४० वॅट.

चोककाका
हाव. आता सांग, फॉल्स सिलिंगमधी कोव्ह, म्हंजे कडेच्या खोबणीत लपवलेली लाइटची पट्टी, आहे का नाई?

उन्हाळी
…आहे. रिसेप्शनला आणि कॉन्फरन्सला, आणि डायरेक्टर केबिनला. ती शीटमध्ये नाहीये कारण इंटिरियरवाल्यांच्या स्कोपमध्ये आहे.

चोककाका
आलं का लक्षात. इंटिरियरवाल्याचा स्कोप वेगळा असते, मीटर एकच असते.

अर्धवट_आर्किटेक्ट
इंटिरियरवाल्यांच्या वतीने मी थोडं बोलू का. कोव्ह म्हणजे काही पाप नाही. सिलिंगच्या कडेने एक मऊ उजेड लागतो, नाहीतर सगळी ऑफिसं पासपोर्ट ऑफिससारखी दिसतात. पण हे खरं की आम्ही ड्रॉइंगवर एक तुटक रेघ मारतो आणि "एलईडी कोव्ह" लिहून मोकळे होतो, मीटरला किती वॅटची पट्टी ते कधीच लिहीत नाही, आणि साईटवर दुकानातून जी येईल ती लागते. बाजारात ४.८ पासून १४.४ वॅट प्रति मीटर आणि पुढेही सगळं मिळतं. वरच्यात आणि खालच्यात तिप्पट फरक, आणि कोव्हमध्ये लपल्यावर बघणाऱ्याला कळतही नाही.

उन्हाळी
ड्रॉइंगवरून मोजलं, रेघेवर रेघ फिरवून, २१० मीटर भरली. पट्टी विचारली तर १४.४ ची. म्हणजे ३,०२४ वॅट. ड्रायव्हरची एफिशियन्सी ८८ टक्के दिलीय, म्हणजे मीटरकडून ३,४३६. एवढं मी पूर्ण सोडून दिलं होतं!

आणि आता भीतीपोटी फर्निचरचं ड्रॉइंगही उघडलं. वर्कस्टेशनच्या ओव्हरहेड स्टोरेजखाली ९ वॅटचे टास्क लाइट आहेत, १२० नग. हे पण धरायचे का? ते तर टेबलाचे आहेत.

वाळ्याचा_पडदा
धरायचे. प्लॅनवर दाखवलेलं सगळं लायटिंग प्रपोज्डमध्ये येतं, टास्क लाइट आणि फर्निचरला लावलेलं धरून. कोणी घरून टेबललॅम्प आणला तर तो वेगळा.

आणि उलट बाजूने, काय धरायचं नाही तेही बघून ठेव, नाहीतर घाबरून सगळंच घालशील. नेहमीच्या वेळी आपोआप बंद राहणारी इमर्जन्सी लाइट सुटते. एखाद्या मशीनच्या आतला बनावटीतलाच दिवा सुटतो. हॉस्पिटलचं काम असतं तर ऑपरेशनच्या दिव्यांनाही सूट आहे. एक्झिट साइन एलपीडीच्या बाहेर, पण तिला वेगळी अट आहे, एका बाजूला ५ वॅटपेक्षा जास्त नको. बेसमेंट पार्किंगचा वर्ग वेगळा, त्याचे दिवे ऑफिसच्या ३६०० चौ.मी.त मिसळू नकोस. आणि एरियाही मिसळू नकोस! पार्किंगचा एरिया घेऊन आणि पार्किंगचे दिवे न घेता एलपीडी कमी दाखवणारे महाभाग मी बघितलेत.

पेठेतला_पाहुणा
मग आता तर तुमचा प्रपोज्ड वाढला. स्टँडर्डही त्याच प्रमाणात वाढवायचा ना?

वाळ्याचा_पडदा
नाही, तिथेच तर गंमत आहे. स्टँडर्डचं लायटिंग कोडच्या मर्यादेला बांधलेलं, ९.५ म्हणजे ९.५. प्रपोज्डला मात्र जे आहे ते. फक्त वर्ग आणि पद्धत दोन्हीकडे एकच पाहिजे. प्रपोज्ड बिल्डिंग एरिया पद्धतीने आणि स्टँडर्ड खोलीखोलीने स्पेस फंक्शन पद्धतीने, असं सोयीचं सोयीचं करता येत नाही.

उन्हाळी
नवी बेरीज: २४,१२० + १,१४० + ३,४३६ + १,०८० = २९,७७६ वॅट. भागिले ३६०० म्हणजे ८.२७. ईपीआय ११७, रेशो ०.९१. पास आहे अजून. पण आता नवीन लोच्या झालाय. ६.७ आलं तेव्हा साहेबांनी क्लायंटला पत्र लिहून टाकलंय की लायटिंग ईसीबीसी प्लसमध्ये (कोडची वरची पायरी) बसतं. प्लसची मर्यादा ७.६ आहे. 😭

धंतोलीकर
होल बिल्डिंग पद्धतीत ७.६ गाठायची सक्तीच नाही, प्लस हवं असेल तर सगळ्या बिल्डिंगचा रेशो बघतात. एसीत कमावलं ते लाइटात घालवता येतं. ७.६ आणि त्याच्याही वरच्या सुपर ईसीबीसीचं ५.० हे प्रिस्क्रिप्टिव्ह वाटेने, म्हणजे एकेक मर्यादा वेगळी पाळत, जाणाऱ्यांसाठी.

उन्हाळी
मला माहितीये. पत्रात तसं लिहिलंय ना पण. "लायटिंग पॉवर डेन्सिटी ७.६ च्या आत." सही-शिक्का सगळं.

धंतोलीकर
मग देव भलं करो.

अर्धवट_आर्किटेक्ट
एक आयडिया देऊ? कॉन्फरन्समध्ये कोव्ह आणि डाउनलाइट असे दोन सेट आहेत ना. कोडमध्ये असं आहे की दोन सिस्टिम एकाच वेळी चालू होऊच शकणार नाहीत असं कंट्रोल असेल तर फक्त मोठीचे वॅट धरायचे. प्रेझेंटेशनला कोव्ह, मीटिंगला डाउनलाइट. तेवढी कोव्ह उडाली बेरजेतून.

चोककाका
कंट्रोल म्हणजे खरं इंटरलॉक पाहिजे भाऊ, एक लागली का दुसरी आपोआप बंद. दोन बटणं शेजारी शेजारी लावून "साहेब दोन्ही लावत नाई" म्हणाल तं नाई चालणार. आन डायरेक्टर दोन्ही लावतेच. मी पाह्यलं, थे दोन्ही लावून तिसरं कुठी आहे विचारते.

उन्हाळी
इंटरलॉकचं क्लायंटला विचारलं, नको म्हणाले. सेन्सरचं काय? काही लोक सांगतात ऑक्युपन्सी सेन्सर लावला तर शेड्यूल १०-१५ टक्के कापता येतं.

वाळ्याचा_पडदा
तिकडे जाऊ नकोस. कोडने जे कंट्रोल सक्तीचे केलेत, म्हणजे ३०० चौ.मी.पेक्षा मोठ्या बिल्डिंगमध्ये ९० टक्के फिटिंगना ऑटोमॅटिक कंट्रोल वगैरे, ते स्टँडर्ड बिल्डिंगमध्येही असतातच. मग त्याचं बक्षीस तुला एकटीलाच कसं मिळेल? होल बिल्डिंग पद्धतीनेही सक्तीच्या गोष्टींतून सुटका नाही, हे बरेच जण विसरतात. सेन्सर माणूस गेल्यावर १५ मिनिटांत दिवे बंद करणारा पाहिजे, हे बीओक्यूमध्ये (कामाच्या-मालाच्या यादीत) लिहून ठेव. शेड्यूलमध्ये मनाने कात्री लावली की रिव्ह्यूवाला पहिला तिथेच बोट ठेवतो. आणि तसंही तुझं पत्र एलपीडीचं आहे, सेन्सरने एलपीडी एका वॅटने कमी होत नाही. एलपीडी म्हणजे जोडलेले वॅट, चालू असोत वा बंद.

खिडकीजवळ खरोखर डिमिंग करणार असाल तर ते एनर्जीप्लसला (डिझाइनबिल्डरच्या आतलं गणित करणारं इंजिन) डेलाइट सेन्सर देऊन करून घे, जागा दाखव, लक्स दाखव, तो ताशी उजेड बघून स्वतः कमी करेल. तो आकडा कोणी नाकारत नाही.

आणि जाता जाता, ल्युमिनेअर टाइप, म्हणजे फिटिंगचा प्रकार, काय निवडलाय?

उन्हाळी
रिटर्न एअर डक्टेड. सिलिंगमध्ये आहेत म्हणून.

वाळ्याचा_पडदा
एसी कोणता? कॅसेट व्हीआरएफ असेल ना, सिलिंगमधलं युनिट खोलीतली हवा स्वतःच ओढतं तो? मग रिटर्नची हवा दिव्यातून जातच नाही. तो टाइप निवडला की दिव्याची ५४ टक्के उष्णता थेट रिटर्न एअरमध्ये जाते असं मॉडेल धरतं, आणि ते कोष्टकही मुळात ट्यूबलाइटच्या जमान्याचं. रिसेस्ड कर. रिझल्ट फार हलणार नाही, पण कोणी विचारलं तर तुला उत्तर देता आलं पाहिजे.

उन्हाळी
केलं. खरंच फार नाही हलला.

आता कोव्ह. इंटिरियरच्या मॅडमना फोन केला, आधी नाही म्हणाल्या, मग साईटवर दोन्ही पट्ट्यांचे पाच-पाच मीटरचे तुकडे लावून दाखवले. संध्याकाळी सातला, प्लास्टरचा वास, खाली पोत्यांवर उभ्या राहून आम्ही दोघी छताकडे बघतोय. १४.४ वाली भिंतीवर पांढरा पट्टा मारत होती, कडेचं प्लास्टरचं ओबडधोबड सगळं दिसत होतं. ४.८ वाली त्याच जागी मऊ वाटली. मॅडम स्वतःच म्हणाल्या हीच ठेव, ती दुसरी माझ्या पीओपीवाल्याची अब्रू काढतेय. 😄

तर २१० गुणिले ४.८ म्हणजे १,००८, ड्रायव्हरसकट १,१४५. एकूण २७,४८५ वॅट. ७.६ ला चालतात २७,३६०. १२५ वॅट जास्त!!! १२५! म्हणजे ७.६३. राउंड करून ७.६ लिहू का?

धंतोलीकर
लिही. आणि रिव्ह्यूवाल्याने दोन दशांश मागितले की इथे परत ये.

चोककाका
कायले राउंड करतं. आठ डाउनलाइट काढ. सतरा आठे १३६. कुठी तरी डबल लागलेच असन.

उन्हाळी
मिळाले!! लिफ्ट लॉबीत दर मजल्यावर १० होते, चार वरच्या मजल्यांवर प्रत्येकी दोन काढले, लक्स परत तपासला, पुरतोय. एकूण २७,३४९ वॅट, ७.५९७. ईपीआय ११५, रेशो ०.९०. साहेबांचं पत्र तरलं. ११ वॅटने.

चोककाका
११ वॅट म्हणजे एक बल्ब बाई. कागदावर ठीक आहे. साईटवर मात्र डोळे उघडे ठेवजो. फिक्स्चर शेड्यूलमधी कंपनी, मॉडेल नंबर आन सिस्टिम वॅट लिहून दे, नुसतं "३६ वॅट पॅनल ऑर इक्विव्हॅलंट" लिहिलं का इक्विव्हॅलंटच येते.

पेठेतला_पाहुणा
खूप शिकायला मिळालं. आता २०२४ चा नवा ईसीएसबीसी आलाय ना, मग हे २०१७ चे आकडे किती दिवस?

वाळ्याचा_पडदा
तिच्या रेटिंगवाल्यांनी २०१७ मागितलाय, तिने २०१७ दिला. नव्या कामाला नवा कोड उघडून त्याच्या कोष्टकातला आकडा घ्या, या धाग्यातला कॉपी करू नका. दिवे मोजायची पद्धत मात्र तीच.

उन्हाळी
शुक्रवारी सबमिट केलं, दुपारी चारला. संत्रा बर्फीचा डबा आणलाय, काका बर्डीवर कधी आलात तर सांगा.

उन्हाळी
तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय, माफ करा. आज साईटवर पॅनलची गाडी आली. बॉक्सवर ४० वॅट. मी विचारलं हे काय, तर तो म्हणतो मॅडम ३६ चा माल संपला, हा त्याच भावात दिला, उजेड जास्तच मिळेल, चार वॅटनं काय होते. मी फोनवर करून दाखवलं, ३८० गुणिले ४, १,५२० वॅट. तो म्हणतो तुमच्या कागदात ३६ च लिहा ना मग. गाडी गेटवर उभी आहे, ड्रायव्हर ओरडतोय. काका, काय करू?

चोककाका
गाडी खाली करू नको. चलानवर "माल मॉडेलप्रमाणे नाही, परत" लिही, फोटो काढ, सही घे. आन ३६ चा टेस्ट रिपोर्ट माग, बॅच नंबरसकट. मी उद्या सकाळी दहाले येतो तिकडं. बर्फी ठेवजो.